दीपवृक्ष, समई आणि मनोरा : एका पवित्र पात्राच्या नावांचा इतिहास

पवित्र शास्त्रातील काही वस्तू अशा आहेत की, त्यांचे नाव बदलले म्हणजे त्यांच्याविषयीची आपली कल्पनाही नकळत बदलते. साक्षात्काराच्या मंडपात, पडद्याच्या अलीकडे, दक्षिणेच्या बाजूस ठेवलेले सात दिव्यांचे सुवर्णपात्र ही त्यांपैकी एक वस्तू होय. मूळ हिब्रू भाषेत तिला ‘मेनोरा’ म्हणतात. ग्रीक भाषांतरकारांनी तिला ‘लुख्निया’ म्हटले, लॅटिन भाषांतराने ‘कांदेलाब्रुम’ म्हटले. मराठी पवित्र शास्त्राच्या रूढ भाषांतरात निर्गमाच्या पंचविसाव्या अध्यायात तिचे नाव ‘दीपवृक्ष’ असे आहे. प्रकटीकरणाच्या पहिल्या अध्यायात योहान पाहतो त्या मात्र ‘समया’ आहेत. आणि डोंगरावरील प्रवचनात प्रभू दिवा ठेवावयास सांगतो ती ‘दिवठणी’ आहे. या शेवटच्या दोन्ही ठिकाणी मूळ ग्रीक शब्द एकच, ‘लुख्निया’; आणि निर्गमातील मेनोरासाठी जुन्या ग्रीक भाषांतराने योजलेला शब्दही हाच.

प्रश्न केवळ कोशकारांच्या कुतूहलाचा असता तर त्यास या पत्रिकेची पाने देण्याचे कारण नव्हते. परंतु बेळगाव, निपाणी, चिकोडी या सीमाभागात धर्मशिक्षण देणाऱ्यांपुढे तो प्रत्यक्ष उभा राहतो. येथील अनेक मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत कन्नड शिकतात. कन्नड पवित्र शास्त्रात निर्गमातील पात्र ‘दीपस्तंभ’ आहे आणि प्रकटीकरणातील पात्रही ‘दीपस्तंभ’च आहे. म्हणजे कन्नड वाचणाऱ्यास दोन स्थळांचा संबंध आपोआप दिसतो. मराठी वाचणाऱ्यास तो कोणी दाखवून दिल्यावाचून दिसत नाही. उलटपक्षी, मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फांद्या फुटलेले झाड उभे राहते. कन्नड वाचणाऱ्यापुढे सरळ खांब उभा राहतो. दोघांनाही काही मिळाले आहे आणि दोघांचेही काही हरवले आहे. काय मिळाले व काय हरवले, हे शब्दांच्या इतिहासावरून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. मूळ शब्द

हिब्रू भाषेत दिव्यास ‘नेर’ म्हणतात. ज्या धातूपासून हा शब्द आला, त्याच धातूला स्थानवाचक ‘म’ हा पूर्वप्रत्यय लागून ‘मेनोरा’ हा शब्द बनतो. ‘उजेडाचे ठिकाण’ किंवा ‘दिव्याचे आसन’ हा त्याचा सरळ अर्थ. यात सात या संख्येचा, फांद्यांचा किंवा पावित्र्याचा काहीही उल्लेख नाही. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात शुनेमची बाई अलीशा संदेष्ट्यासाठी माडीवर लहानशी खोली बांधते आणि तीत पलंग, मेज, आसन व एक ‘मेनोरा’ ठेवते (२ राजे ४:१०). तो ‘मेनोरा’ म्हणजे घरातले साधे दिवठाण होते. तेथे मराठीत ‘दीपवृक्ष’ म्हटले तर वाचकास हसू येईल. हिब्रू वाचकास मात्र मंदिरातले सुवर्णपात्र आणि पाहुण्याच्या खोलीतले दिवठाण यांत नावाचा भेद करण्याची गरज वाटली नाही. उजेडाचे आसन हे उजेडाचेच आसन, मग ते सोन्याचे असो वा मातीचे.

मंदिरातील मेनोराचे वर्णन निर्गम २५:३१-४० मध्ये सविस्तर आले आहे. एक किक्कार, म्हणजे आजच्या मापाने सुमारे ३४ किलो, शुद्ध सोन्यातून तो घडवावयाचा होता. तो तुकडे जोडून नव्हे, तर ठोकून घडवलेला असावा, अशी आज्ञा आहे. मधला एक दांडा, त्याच्या दोन्ही बाजूंना तीन तीन मिळून सहा शाखा. प्रत्येक शाखेवर बदामाच्या फुलाच्या आकाराच्या तीन वाट्या आणि मधल्या दांड्यावर चार, अशा एकंदर बावीस वाट्या. त्यांखाली बोंडे आणि फुले. उंची किती असावी हे मात्र सांगितलेले नाही. ग्रंथकाराचे सारे लक्ष उंचीकडे नसून उमलण्याकडे आहे.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, बदामाची. पॅलेस्टाईनमध्ये हिवाळा सरता सरता सर्वांत आधी फुलणारे झाड बदामाचे. हिब्रूत बदामास ‘शाकेद’ म्हणतात आणि ‘जागा राहणारा’ यासही जवळजवळ तसाच उच्चार असलेला शब्द आहे. यिर्मयाच्या पहिल्या अध्यायातील बदामाच्या फांदीचा दृष्टान्त याच श्लेषावर उभा आहे (यिर्मया १:११-१२). तेव्हा रात्रभर जळत राहणाऱ्या दिव्यांना बदामाच्या फुलांचा आकार दिलेला आहे, यात जागृतीचा अर्थ भरलेला आहे, असे मानण्यास जागा आहे.

दुसरी गोष्ट ‘शाखा’ या शब्दाची. हिब्रूत तेथे ‘काने’ हा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ वेत, बोरू. सेमिटिक भाषांतील हाच शब्द ग्रीकमध्ये गेला, आणि मोजण्याची सरळ काठी, म्हणून नियम, या अर्थाचा ‘कानोन’ हा शब्द त्यापासून झाला. धर्मग्रंथांच्या मान्य सूचीस आपण ‘कॅनन’ म्हणतो तो हाच. तोच ग्रीक शब्द अरबीतून ‘कानून’ होऊन आपल्या ‘कायदेकानू’त येऊन बसला. मेनोराची शाखा आणि कचेरीतला कानू ही एकाच बोरूच्या बेटातील दोन कांडी आहेत!

२. पात्राचा प्रवास

शलमोनाच्या मंदिरात एक नव्हे, तर दहा दीपपात्रे होती, पाच उजवीकडे व पाच डावीकडे (१ राजे ७:४९). बंदिवासानंतरच्या मंदिरात पुन्हा एकच सात शाखांचा मेनोरा होता. ख्रिस्तपूर्व १६९ मध्ये अंतियोख एपिफानेस याने मंदिर लुटले, तेव्हा तो नेला (१ मक्काबी १:२१). ख्रिस्तपूर्व १६४ मध्ये यहूदा मक्काबी व त्याचे बंधू यांनी मंदिर शुद्ध करून नवे पात्र ठेवले आणि दिवे उजळले (१ मक्काबी ४:४९-५०). यहूदी लोकांचा हनुक्का हा सण त्या घटनेचा स्मरणोत्सव होय. त्या सणाचे दीपपात्र मात्र नऊ दिव्यांचे असते, कारण मंदिरातल्यासारखे सात शाखांचे पात्र घडवू नये, असा दंडक तालमूदात सांगितला आहे.

इ. स. ७० मध्ये रोमन सेनापती तीत याने यरुशलेम जिंकले व मंदिर जाळले. रोममध्ये सुमारे इ. स. ८१ मध्ये उभारलेल्या तीताच्या कमानीवर आजही ते दृश्य पाहावयास मिळते : सैनिकांच्या खांद्यावरून विजययात्रेत मिरवला जाणारा सात शाखांचा मेनोरा. प्रकटीकरणाच्या प्रथम वाचकांना ही गोष्ट ऐकून माहीत होती, हे विसरून तो ग्रंथ वाचता येत नाही. दीपपात्र आपल्या ठिकाणावरून काढले जाणे ही त्यांच्या दृष्टीने केवळ अलंकारिक भाषा नव्हती. ती त्यांच्या पिढीने अनुभवलेली गोष्ट होती.

लॅटिन भाषांतरात ‘कांदेलाब्रुम’ हा शब्द आला. तो ‘कांदेला’, म्हणजे मेणबत्ती, यापासून बनलेला आहे. आणि ‘कांदेला’ हा ‘शुभ्र प्रकाशणे’ या अर्थाच्या धातूपासून. आपला ‘चंद्र’ हा शब्द त्याच धातूच्या भारतीय शाखेवरचा आहे. लॅटिन ‘कांदेला’ ग्रीकमधून अरबीत गेला, तेथे ‘किंदील’ झाला आणि आपल्याकडे ‘कंदील’ होऊन आला. इंग्रजी भाषांतरकारांनी १६११ च्या प्रसिद्ध भाषांतरात ‘कँडलस्टिक’ हा शब्द ठेवला. वास्तविक मंदिरात मेणबत्ती कधीच नव्हती. कुटून काढलेले जैतुनाचे निर्मळ तेल आणावे, असे लेवीय २४:१-४ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. युरोपच्या घरात मेणबत्ती होती म्हणून युरोपच्या भाषांत मंदिराच्या तेलाच्या दिव्याची मेणबत्ती झाली, एवढेच.

३. मराठीतील नावे

आता आपल्या शब्दांकडे वळू. यांत पहिला मान ‘दीपवृक्ष’ या शब्दाचा. हा शब्द भाषांतरासाठी नव्याने घडवलेला आहे, असा समज होणे साहजिक आहे. पण तो तसा नाही. संस्कृत काव्यात तो प्राचीन आहे. अश्वघोषाच्या ‘बुद्धचरित’ या काव्याच्या पाचव्या सर्गात, सिद्धार्थ गृहत्याग करतो त्या रात्रीच्या वर्णनात, राजवाड्यातील सोन्याने झळकणारे दीपवृक्ष आले आहेत. म्हणजे प्रकटीकरण ज्या काळात लिहिले गेले त्याच्या आसपासच्याच काळात आपल्या देशात शाखायुक्त दीपपात्रास हे नाव होते. मंदिरांच्या प्रांगणातील दगडी दीपमाळ आणि वाड्यांतून टांगलेली काचेची झाडे-झुंबरे पाहिली म्हणजे अनेक दिव्यांचा समूह झाडाच्या रूपात कल्पिण्याची ही दृष्टी पुढेही टिकली, हे ध्यानात येते.

निर्गमातील वर्णनास हा शब्द विलक्षण चपखल बसतो. शाखा, बोंडे, फुले हे शब्द मूळ वचनातच आहेत. ‘वृक्ष’ हा शब्द तेवढा नव्हता, तो आपल्या भाषेने पुरवला. कॅरल मायर्स या विदुषीने १९७६ मध्ये मंडपातील मेनोरावर ग्रंथ लिहून या पात्राच्या वृक्षरूपाची सविस्तर चर्चा केली. प्राचीन पूर्वेकडील कलेतील पवित्र वृक्षाशी आणि एदेन बागेतील जीवनाच्या झाडाशी त्याचा संबंध अनेक अभ्यासक जोडतात. मराठी वाचकास हा विचार समजावून सांगण्यास फारसे श्रम पडत नाहीत. त्याच्या पवित्र शास्त्रात तो नावातच आहे.

दुसरा शब्द ‘समई’. देव्हाऱ्यापुढे तेवणारी, पितळेची, खाली बैठक, मध्ये दांडा आणि वर तेलाची वाटी असलेली समई ही इतकी आपली वस्तू आहे की, तिचे नावही तितकेच जुने व देशी असावे असे वाटते. परंतु ‘समई’ हा शब्द अरबी ‘शमअ’ यापासून फारसीच्या द्वारे आला, आणि ‘शमअ’ म्हणजे मेण अथवा मेणबत्ती. ‘शमादान’ हा शब्द त्याच कुळातला. युरोपात तेलाच्या दिव्याला मेणबत्तीचे नाव मिळाले, तसेच आपल्याकडेही मेणबत्तीचे नाव तेलाच्या दिव्यावर येऊन बसले. दिवा आपल्या घरातला आणि त्याचे नाव मात्र दरबारातून आलेले. आपल्या ‘मेणबत्ती’ या शब्दाची घडण पाहावी तर ‘मेण’ हा संस्कृत ‘मदन’ या शब्दावरून आणि ‘बत्ती’ हा ‘वर्ती’वरून; म्हणजे घरातली ‘वात’ आणि ही ‘बत्ती’ सख्ख्या बहिणी.

तिसरा शब्द ‘दिवठणी’ किंवा ‘दिवठाण’. दिवा आणि ठाण, म्हणजे स्थान, यांचा हा जोड. अर्थाच्या दृष्टीने पाहता ‘मेनोरा’ या शब्दाचे सर्वांत अचूक मराठी रूप हेच होय. खेड्यात लाकडी दिवठाणास ‘ठाणवई’ असेही म्हणत; विजेचे दिवे आल्यावर ही वस्तू कोनाड्यातून गेली आणि तिच्याबरोबर तिचे नावही.

आणि चौथा शब्द, जो मराठी पवित्र शास्त्रात या वस्तूसाठी येत नाही, पण मूळ शब्दाचा खरा भाऊ आहे, तो म्हणजे ‘मनोरा’. अरबीत ‘मनारा’ म्हणजे उजेडाचे ठिकाण : दिवठाण, दीपगृह आणि पुढे मशिदीचा मिनार. तो फारसीतून आपल्याकडे ‘मनोरा’ होऊन आला. हिब्रू ‘मेनोरा’ आणि मराठी ‘मनोरा’ यांचे साम्य योगायोगाचे नाही. दोघांचा सेमिटिक धातू एकच, ज्यावरून ‘नूर’ हा शब्दही झाला. आपल्या प्रभुमंदिराच्या घंटेच्या मनोऱ्याकडे पाहताना त्याच्या नावात उजेड दडलेला आहे, हे धर्मशिक्षकाने मुलांना अवश्य सांगावे. एका हिब्रू शब्दाचे दुसरे रूप त्यांच्या तोंडी आधीपासूनच आहे, हे ऐकून त्यांना ते पुस्तक परके वाटेनासे होते.

शब्दांचा हा विचार बेळगावास नवा नाही. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ मध्ये येथेच झाला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती निघाली तेही हेच वर्ष. तांब्यापितळेचे काम करणाऱ्या कासार ज्ञातीत ते जन्मले, लंडन मिशनच्या बेळगाव येथील शाळेत शिकले आणि १८५४ मध्ये बेळगावातच त्यांचा बाप्तिस्मा झाला. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. पण मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप त्यांनी १८६३ मध्ये तयार केला, हे कार्य तितकेच मोलाचे आहे. मराठी ख्रिस्ती माणसाने आपले शब्द तोलून मापून वापरावेत, याचा पाठ या गावच्या मातीतून मिळालेला आहे. पुढे पंडिता रमाबाई यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. सोपेपणा आणि अचूकपणा यांची ओढाताण त्यांनीही सोसली.

४. शनिवार तेली

मराठी भाषा आणि मेनोरा यांचा आणखी एक संबंध आहे, जो आपल्या वर्गांतून फारसा सांगितला जात नाही. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेला बेने इस्राएल समाज मराठी बोलणारा. तेल गाळणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय, आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. १७९६ मध्ये मुंबईत शमुवेल यहेज्केल दिवेकर यांनी त्यांचे पहिले सभास्थान बांधले. पुढे १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएल देशात गेले. त्या राष्ट्राने १० फेब्रुवारी १९४९ रोजी आपले राजचिन्ह म्हणून मेनोरा स्वीकारला. ज्यांच्या पूर्वजांना मराठी मुलखात तेलाच्या घाण्यावरून नाव मिळाले, त्यांच्या हाती आज त्या दीपपात्राचे चिन्ह आहे.

हे सांगण्याचे कारण असे की, ‘दीपवृक्ष’ ही केवळ जुन्या करारातील, होऊन गेलेली वस्तू आहे असे समजून आपण शिकवतो. ती एका जिवंत समाजाची श्रद्धावस्तू आहे आणि त्या समाजातील काही जण आपलीच भाषा बोलतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात, देवाने यहूदी लोकांना टाकून दिले अशी मांडणी पवित्र शास्त्राच्या आधारे करू नये, असे बजावले आहे. मेनोरा रोमला गेला म्हणजे करारही संपला, असे निष्कर्ष प्रवचनातून काढले जाऊ नयेत.

५. एक की सात?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मंडपात एकच पात्र होते आणि त्याला सात दिवे होते. प्रकटीकरणात योहानास सात वेगवेगळी पात्रे दिसतात, आणि ती सात मंडळ्या आहेत असा त्यांचा अर्थ तेथेच सांगितला आहे (प्रकटी १:१२, २०). मराठी भाषांतराने पहिल्या ठिकाणी ‘दीपवृक्ष’ व दुसऱ्या ठिकाणी ‘समया’ म्हणून हा दृश्यभेद उत्तम दाखवला. समई एकेकटी उभी असते. तिला शाखा नसतात. परंतु त्यामुळे योहानाच्या मनात मंडपातील मेनोराच होता, ही गोष्ट झाकली गेली. जखऱ्याच्या चौथ्या अध्यायात सोन्याचे दीपपात्र व दोन जैतुनाची झाडे आहेत. प्रकटीकरणाच्या अकराव्या अध्यायात ती पुन्हा येतात. ही साखळी मराठीत तुटते. ती सांधणे हे शिकवणाऱ्याचे काम आहे.

आणि ती सांधली म्हणजे केवढा अर्थ हाती येतो! जुन्या पात्रात सात दिव्यांची एकता सोन्यात होती : एकाच तुकड्यातून ठोकून घडवलेला एक दांडा सर्वांना धरून होता. नव्या दृष्टान्तात सात समया सुट्या आहेत, सात गावांत आहेत, त्यांच्यातली एक मंद आहे, एक विझण्याच्या बेतात आहे; त्यांना जोडणारा सोन्याचा दांडा नाही. पण त्यांच्या मध्यभागी मनुष्यपुत्र उभा आहे आणि त्यांच्यामधून तो चालतो. मधल्या दांड्याच्या जागी आता तो स्वतः आहे. ख्रिस्तसभेची एकता ही धातूची नव्हे, तर व्यक्तीची आहे. भाषा, गाव, वाडी यांनी वेगळ्या झालेल्या आपल्या मंडळ्यांना याहून दिलासा देणारी गोष्ट कोणती? १ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेल्या राज्यपुनर्रचनेने या भागातील माणसांच्या मनावर एक रेषा ओढली. कोठे मराठीत मिस्सा, कोठे कन्नडमध्ये, कोठे कोंकणीत. समया वेगळ्या आहेत, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. प्रश्न एवढाच आहे की, त्यांच्यामधून कोण चालतो हे आपण ओळखतो की नाही.

त्याच दृष्टान्तात इफिसच्या मंडळीस इशारा आहे : पहिली प्रीती सोडलीस, पश्चात्ताप केला नाहीस तर तुझी समई तिच्या ठिकाणावरून काढली जाईल (प्रकटी २:५). तीताच्या सैनिकांनी मेनोरा उचलला तो बळाने. इफिसची समई हलणार होती ती प्रेमाच्या अभावाने. इशारा यहूद्यांना नाही, तो आपल्याला आहे. ज्या गावात मोठे मंदिर उभे राहते आणि शेजाऱ्याशी बोलणे बंद होते, तेथे वेदीवर कितीही दिवे लावले तरी समई हललेलीच असते.

६. व्यवहारात काय करावे?

पहिले, शब्द बदलू नयेत. ‘दीपवृक्ष’ टाकून ‘मेनोरा’ म्हणावे, अशी सूचना अधूनमधून ऐकू येते. पण परक्या शब्दाने अचूकपणा येतो, असा समज करून घेण्याचे कारण नाही. ‘दीपवृक्ष’ म्हणताना झाड दिसते ते दिसू द्यावे. ‘समई’ म्हणताना घर दिसते तेही दिसू द्यावे. मात्र निर्गम शिकवताना प्रकटीकरणाचा आणि प्रकटीकरण शिकवताना निर्गमाचा उल्लेख केल्यावाचून पाठ पुरा करू नये. कन्नड माध्यमातील मुले असतील तर ‘दीपस्तंभ’ हा शब्द त्यांच्याकडून वदवून घ्यावा आणि दोन्ही भाषांनी मिळून एकच पात्र कसे पूर्ण होते ते दाखवावे : एकीने खांबाचा सरळपणा दिला, दुसरीने फांद्यांचा बहर.

दुसरे, समईविषयीचा संकोच सोडावा. १९६९ मध्ये भारतीय उपासनेसाठी मान्य झालेल्या बारा मुद्द्यांत मेणबत्तीऐवजी तेलाचे दिवे वापरता येतील, असे स्पष्ट म्हटले आहे. तरीही समई ‘त्यांची’ आणि मेणबत्ती ‘आपली’ असे अनेक श्रद्धावंतांना वाटते. त्यांना सांगावे की, समईचे नाव अरबस्तानातून आले, कंदिलाचे रोममधून आणि मेणबत्तीचे संस्कृतातून. मंदिरात तर तेलच जळत होते. उजेडाची नावे इतकी फिरलेली आहेत की, त्यांच्यावर एका समाजाने हक्क सांगणे शोभत नाही.

तिसरे, मत्तय ५:१५ शिकवताना शुनेमच्या त्या बाईची खोली आठवावी. तेथे संदेष्ट्यासाठी ठेवलेल्या दिवठाणास आणि देवाच्या मंडपातील सुवर्णपात्रास हिब्रूत नाव एकच होते. प्रभू जेव्हा दिवा दिवठणीवर ठेवावा म्हणतो, तेव्हा घरातील सर्वांस उजेड मिळावा एवढाच हेतू तो सांगतो. पात्र सोन्याचे आहे की मातीचे, हे तो विचारीत नाही. वाडीवर एकट्याने चार मुलांना शिकवणाऱ्या धर्मशिक्षकाने हे मनाशी धरावे. देवाच्या भाषेत त्याच्या ओसरीवरील दिवठाणाचे नावही मेनोराच आहे.